लोखंड बाहेर ठेवून आत या



बचत गटाच्या बैठकीत पाठदुखीचा विषय निघाला, की मणक्याच्या तपासणीबद्दल तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. "पाठीत सुई घालतात, मग बाई कायमची लुळी पडते." "बोगद्यात ढकलतात, तिथे जीव घुसमटतो." आणि तिसरी जरा हळू आवाजात, "मंगळसूत्रसुद्धा काढायला लावतात." या तीन गोष्टींपायी डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद पत्र्याच्या डब्यात जातो आणि बाई पुन्हा लावणीला किंवा मासळीची पाटी उचलायला. सगळ्यांचंच त्यात नुकसान होतं असं नाही. पण जिच्या मणक्यात क्षयरोग शिरला आहे किंवा जिची नस दबत चालली आहे, तिचे गेलेले दिवस परत येत नाहीत.

म्हणून आज आम्ही या तपासणीचा इतिहास सांगणार आहोत. यातली प्रत्येक भीती कुठून तरी आलेली आहे. ती कुठून आली हे कळलं, की आज त्यातलं काय खरं आहे आणि काय मागे पडलं, हे आपलं आपल्याला ठरवता येतं. या इतिहासातला एक धागा तर थेट आपल्या अलिबागच्या किनाऱ्यावर येतो.

सुरुवात करू एक्स-रेपासून. 1895 सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला एक नवे किरण सापडले. मांसातून ते पार जात, हाडाला मात्र अडत. 22 डिसेंबरला त्यांनी आपली पत्नी ॲना बर्था यांचा हात त्या किरणांखाली ठेवायला लावला. बोटांची हाडं उमटली आणि एका बोटाच्या हाडावर अंगठीचं काळं कडं दिसलं. जगभर गाजलेल्या त्या पहिल्या चित्रात अशी एका बाईची अंगठी आहे. एक्स-रे काढताना दागिने उतरवायला सांगतात, त्याचं कारण तिथेच दिसतं. धातू मध्ये आला, की त्याच्यामागचं झाकलं जातं.

पण पाठीच्या बाबतीत एक्स-रे अपुरा पडला. आपला पाठीचा कणा म्हणजे मण्यांची माळ समजा. एक्स-रेत मणी दिसतात, माळेतून ओवलेला दोरा दिसत नाही. तो दोरा म्हणजे मज्जारज्जू. मेंदूकडून हातापायांना निरोप नेणाऱ्या नसा त्यातूनच निघतात. दोन मण्यांच्या मध्ये जी मऊ गादी असते, तीही एक्स-रेत दिसत नाही. "गादी सरकली" असं आपण म्हणतो, ती हीच. मग हा दोरा बघायचा कसा?

इथून सुईची गोष्ट सुरू होते. कमरेच्या दोन मणक्यांमधून सुई घालून मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढण्याची रीत हाइनरिक क्विंके या जर्मन डॉक्टरांनी 1891 मध्येच दाखवली होती. 1919 मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी त्या जागेत हवा भरून चित्र घेण्याची कल्पना मांडली. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसमधल्या सिकार आणि फोरेस्टिए या दोन डॉक्टरांनी हवेऐवजी तेल वापरलं. तेल कसलं, तर खसखशीचं. त्यात आयोडीन मिसळलेलं असे. आयोडीनला एक्स-रे अडतात, त्यामुळे तेल जिथवर वाहत जाई तिथवर मार्ग दिसे आणि जिथे अडे तिथे गाठ किंवा दाब आहे असं कळे. या तपासणीला मायलोग्राम म्हणतात.

रोग्याला फळीवर पट्ट्यांनी बांधायचे आणि तेल सरकावं म्हणून फळी कधी डोक्याकडे, कधी पायाकडे कलती करायचे. ते तेल अंगातून सहज बाहेर पडत नसे, वर्षानुवर्षं तिथेच राही. 1944 मध्ये दुसरं तेलकट औषध आलं. ते तपासणीनंतर सुईनेच परत ओढून काढावं लागे आणि थोडं तरी मागे उरेच. काही रोग्यांच्या मज्जारज्जूभोवतीचं आवरण या तेलांनी सुजलं, नसा एकमेकींना चिकटल्या, कायमचं दुखणं मागे लागलं. म्हणजे सुईची भीती ही नुसती अफवा नव्हती. ज्या काळात ती जन्मली, त्या काळात तिला आधार होता.

पुढे पाण्यात विरघळणारी औषधं आली. 1980 च्या दशकापासून जी वापरात आहेत, ती लघवीवाटे निघून जातात. आज मायलोग्राम क्वचितच करतात. बहुतेक वेळा तो अशांसाठी असतो, ज्यांना एमआरआय करता येत नाही. आधी कातडी बधिर करतात, मग कमरेत बारीक सुईने औषध घालतात आणि एक्स-रे किंवा सीटी स्कॅन काढतात. टोचताना दाब जाणवतो. नंतर काही तास पडून राहायचं, सांगतील तसं भरपूर पाणी प्यायचं. एक-दोन दिवस डोकं दुखू शकतं. डोकेदुखी वाढत गेली, ताप आला किंवा पाय बधिर झाले, तर लगेच परत जायचं. सुई कमरेच्या खालच्या भागात टोचतात, कारण तिथे मज्जारज्जू संपलेला असतो आणि खाली फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. त्यामुळे मज्जारज्जूला सुई लागण्याचा धोका टळतो.

आता बोगद्याकडे, म्हणजे एमआरआयकडे वळू. हे काम चुंबकाचं आहे. आणि चुंबकाबद्दल बोलायचं, तर आधी अलिबागला जायला हवं.

मुंबईच्या कुलाब्याला 1826 पासून एक वेधशाळा होती. हे मुंबईचं कुलाबा, आपला कुलाबा किल्ला नव्हे. पृथ्वी स्वतः एक मोठं चुंबक आहे. तिचं बळ दर दिवशी किती कमी-जास्त होतं, याची नोंद त्या वेधशाळेत 1841 पासून होत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. वीज वाहते तिथे चुंबकाचा परिणाम उमटतो. ट्राम धावू लागल्या, की वेधशाळेतल्या नाजूक चुंबकसुया हलत राहणार आणि नोंदी बिघडणार, हे उघड होतं. तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. चुंबकाचं काम खाडीपलीकडे अलिबागला हलवलं गेलं. 1904 मध्ये इथली वेधशाळा उभी राहिली. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन ताळा केला आणि 1906 मध्ये कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली.

अलिबागची इमारत बांधताना पारखून घेतलेला पोरबंदरचा दगड वापरला आणि लोखंड टाळलं. कारण साधं आहे. पृथ्वीचं चुंबकबळ इतकं हलकं, की जवळचं लोखंड त्यात ढवळाढवळ करतं. लोखंड बाहेर ठेवून आत या, हा नियम आपल्या जिल्ह्यात असा सव्वाशे वर्षांचा आहे.

एमआरआयच्या खोलीतही हाच नियम आहे, फक्त बाजू उलटलेली. अलिबागला लोखंडामुळे मोजमाप बिघडतं, इथे लोखंडामुळे माणूस जखमी होऊ शकतो. नेहमीच्या एमआरआय यंत्राचं बळ अलिबागच्या जमिनीवरच्या चुंबकबळाच्या तीस हजार पटींहून जास्त असतं. आणि ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं. यंत्राचा आवाज बंद असला, खोलीत कुणी नसलं, तरीही. जानेवारी 2018 मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नातेवाइकाबरोबर आलेला तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. सिलिंडरसकट तो यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. खोलीच्या दारात आपल्याला पुन्हा पुन्हा विचारतात, ते यासाठी.

चुंबकाने चित्र काढण्याची युक्ती तशी अलीकडची. आपल्या शरीरात पाणी भरपूर, आणि पाण्यातला हायड्रोजन मोठ्या चुंबकात शिस्तीने उभा राहतो. त्याला रेडिओच्या लहरींनी धक्का दिला, की तो उलट बारीक संकेत देतो. आपला हा कार्यक्रम ज्या जातीच्या लहरींवरून तुमच्या घरी येतो, त्याच जातीच्या त्या लहरी. त्या संकेतांवरून चित्र तयार करता येईल, हे पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये दाखवलं. इंग्लंडच्या पीटर मॅन्सफील्ड यांनी ते काम झपाट्याने होईल अशी वाट काढली. दोघांना 2003 चं नोबेल मिळालं. 1977 च्या जुलैत अमेरिकेत रेमंड डॅमेडियन यांच्या यंत्रात माणसाच्या छातीचं एक चित्र घ्यायला जवळजवळ पाच तास लागले होते. आज कमरेच्या मणक्यांचा एमआरआय साधारण अर्ध्या तासात होतो. यात एक्स-रेचे किरण नसतात आणि पाठीत सुईही नसते. आणि गादी, नसा, मज्जारज्जू, म्हणजे माळेतला दोरा, स्पष्ट दिसतो.

आता प्रत्यक्ष काय होतं ते ऐका.

आधी प्रश्न विचारतात. हृदयाला पेसमेकर आहे का? कानात किंवा डोक्यात ऑपरेशनची क्लिप, हाडात रॉड-स्क्रू आहे का? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? तांबी बसवली आहे का? दिवस गेले आहेत का, पाळी चुकली आहे का? यातलं काहीही लपवू नका. सासू किंवा दीर बरोबर असेल आणि त्यांच्यासमोर बोलायचं नसेल, तर "मला एकटीला बोलायचंय" असं सिस्टरला सांगा. तांबी असली तरी बहुतेक वेळा एमआरआय होतो, पण त्यांना माहीत असायला हवं.

मग अंगावरचं सगळं उतरवायचं. नथ, कुड्या, जोडवी, पैंजण, केसातले आकडे, साडीच्या पिना, ब्लाउजचे हूक, कनवटीला खोचलेली चिल्लर, मोबाइल. सोन्याला चुंबक ओढत नाही हे खरं. पण दागिन्यात दुसरा धातू असू शकतो, तो तापू शकतो आणि चित्रही बिघडतं. मंगळसूत्र घरी ठेवा किंवा बरोबरच्या बाईच्या हाती द्या. गळा मोकळा ठेवायला मन धजत नसेल, तर सुती दोऱ्यात हळकुंड बांधलेलं चालेल का, असं तिथे विचारा. आपल्याकडे ती रीत जुनीच आहे. अंगावर गोंदण असेल तर तेही सांगा, काही रंगांत लोखंडाचा अंश असतो आणि तिथे ऊब लागू शकते.

आत पाठीवर झोपवतात. गुडघ्याखाली उशी मागा, कंबरेला आराम पडतो. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, कारण यंत्र ठकठक, घरघर असा मोठा आवाज करतं. बोगदा दोन्ही टोकांना उघडा असतो, वारा खेळता असतो. हातात रबरी फुगा देतात. घाबरायला झालं की तो दाबायचा, बाहेर घंटी वाजते, ते माइकवरून बोलतात. डोळे आत जाण्याआधीच मिटून घ्या आणि हलू नका. हललं तर चित्र फिस्कटतं आणि वेळ वाढतो. कधी कधी हाताच्या शिरेत एक औषध देतात, त्याने क्षणभर गार वाटतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर त्याआधी सांगा. दुखत काहीच नाही. संपलं की उठून घरी.

आणखी एक गोष्ट. प्रत्येक पाठदुखीला एमआरआय लागत नाही. पन्नाशीनंतर काहीच न दुखणाऱ्या बायकांच्या चित्रातही गादीची झीज दिसते. डॉक्टरांना विचारा, "या तपासणीनं माझ्या उपचारात काय बदलेल?" पण काही खुणा दिसल्या, तर थांबायचं नाही. पायातली ताकद कमी होणं. मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं. लघवी-संडासावरचा ताबा सुटणं. संध्याकाळचा ताप, घटणारं वजन आणि रात्रीही न थांबणारं पाठीचं दुखणं. झाडावरून किंवा विहिरीत पडल्यानंतरची कळ. यातलं एक जरी असलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुग्णालयात भरती व्हावं लागलं, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तपासणीचा खर्च बसतो का, हे आरोग्यमित्राला विचारा.

फिल्म आणि अहवाल नीट जपून ठेवा, पुढच्या वेळी जुन्या चित्राशी ताडून बघता येतं.

गटातल्या कुणी तपासणीला निघाली, तर तिला एकटी पाठवू नका. तिचं मंगळसूत्र सांभाळायला, आतल्या आवाजाची आधीच कल्पना द्यायला आणि बाहेर आल्यावर चहा पाजायला एकजण बरोबर असली, की अर्धी भीती दारातच उतरते.