‘झेपत नाही’ची शंभर वर्षं

८ डिसेंबर २०२४. बशर अल-असद दमास्कस सोडून मॉस्कोला पळाल्याची बातमी आली आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन मेसेज पडले. पहिला, चौकात नाचणाऱ्या लोकांचा व्हिडिओ. दुसरा एका काकांचा: ‘एक गेला, आता दुसरा येईल. या लोकांना लोकशाही झेपत नाही.’ खाली पटापट चार अंगठे. मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी डिपार्टमेंटमध्ये माझ्या सीरियन मैत्रिणीच्या टेबलावर झेंडा होता: हिरवा, पांढरा, काळा, मध्ये तीन लाल तारे. मी विचारलं, ‘नवा झेंडा?’ ती हसली. ‘नवा कुठला? माझ्या आजोबांच्या लहानपणचा आहे.’

खरंच होतं ते. हा झेंडा १९३२ चा. असद राजवटीचा झेंडा वेगळा होता. २०११ मध्ये आंदोलकांनी हा जुना झेंडा पुन्हा बाहेर काढला. आपल्याला वाटतं, सीरियात आता कुठे सुरुवात होतेय. त्यांच्या लेखी मात्र हे अर्धवट राहिलेलं काम आहे. ते कधी सुरू झालं आणि कुणी अडवलं, ते आज बघू.

सुरुवात पहिल्या महायुद्धानंतर झाली. ऑटोमन साम्राज्य कोसळलं होतं आणि दमास्कसमध्ये अमीर फैसलचं अरब सरकार आलं होतं. फेब्रुवारी १९१९ मध्ये फैसलने पॅरिसच्या शांतता परिषदेत स्वातंत्र्य मागितलं. त्याच वर्षी टिळक लंडनमध्ये होते. त्यांना पॅरिसला जाऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहून भारतासाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. एक जण आत, एक जण दाराबाहेर. उत्तर दोघांना एकच मिळालं: अजून तुमची तयारी नाही. राष्ट्रसंघाच्या कराराच्या २२व्या कलमात तर हे लिहूनच ठेवलं होतं. ऑटोमन राज्यातल्या अरब प्रदेशांना स्वतःच्या पायावर उभं राहता येईपर्यंत कुणा ‘प्रगत’ देशाने सांभाळायचं. याचं नाव मँडेट.

मग लोकांना काय हवंय हे विचारायला किंग-क्रेन नावाचा अमेरिकन आयोग १९१९ च्या उन्हाळ्यात तिकडे गेला. त्याच्याकडे १,८६३ अर्ज आले. त्यातल्या सुमारे ८० टक्के अर्जांत अखंड सीरिया मागितला होता, आणि फ्रान्सला विरोध तर अगदी उघड होता. हा अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही.

सीरियन लोक मात्र थांबले नाहीत. त्यांच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने ८ मार्च १९२० ला स्वातंत्र्य जाहीर केलं आणि हाशिम अल-अतासी यांच्या समितीने १४८ कलमांची राज्यघटना तयार केली. राजा होता, पण त्याचे अधिकार बांधलेले. दोन सभागृहांची संसद. राजाचा धर्म इस्लाम, पण राज्याला धर्म नाही. आणि ही घटना घडत असताना काँग्रेसचे अध्यक्ष कोण होते? रशीद रिदा, त्या काळातले मोठे इस्लामी विद्वान. बायकांना मत द्यावं का, यावरही तिथे कडाडून वाद झाला. निर्णय झाला नाही, पण साल बघा: १९२०.

पण एप्रिलमध्येच सान रेमोच्या बैठकीत सीरिया फ्रान्सच्या वाट्याला गेला होता. २४ जुलै १९२० ला मैसलूनच्या लढाईत फ्रेंच सैन्याने युद्धमंत्री युसुफ अल-अझमाच्या तुटपुंज्या फौजेचा धुव्वा उडवला. तोही तिथेच पडला आणि घटना कागदावरच राहिली. नंतर फ्रान्सने देशाचे तुकडे केले: लेबनॉन वेगळा, दमास्कस, अलेप्पो, अलवी आणि द्रुझ प्रदेश वेगळे. म्हणजे ‘हे आपसात भांडतात’ असं म्हणायचं आणि वेगळेपणाच्या भिंती आपणच बांधायच्या.

१९२५ मध्ये सुलतान अल-अत्रशच्या नेतृत्वाखाली द्रुझांच्या डोंगराळ भागातून मोठा उठाव झाला. फ्रेंचांनी दमास्कसवर तोफा डागल्या. तिथल्या जळालेल्या वस्तीला आजही ‘अल-हरीका’ म्हणतात, म्हणजे आग. १९२८ मध्ये निवडून आलेल्या घटना समितीचे अध्यक्ष पुन्हा अतासीच होते. त्यांच्या मसुद्यातल्या सहा कलमांवर फ्रेंच उच्चायुक्ताने हरकत घेतली. शेवटी १९३० मध्ये त्याने घटना लागू केली, पण ११६वं कलम स्वतःच जोडून. त्यामुळे मँडेटच्या आड येईल असं काहीच अमलात येणार नव्हतं. १९३६ मध्ये जवळपास ५० दिवसांचा संप झाला. त्यातून फ्रान्सशी करार झाला, पण फ्रेंच संसदेने तो कधी मंजूरच केला नाही. अखेर १७ एप्रिल १९४६ ला शेवटचा फ्रेंच सैनिक गेला.

यापुढचा दोष मात्र सगळा बाहेरच्यांवर ढकलता येत नाही. संसद होती, पण तिच्यात बसलेले बहुतेक जण जमीनदार आणि शहरी बडी घराणी. खेड्यांतल्या कुळांच्या हाती काहीच नव्हतं. त्यांच्या मुलांना वर जायची एक वाट होती: सैन्य. १९४८ चं युद्ध हरल्यावर १९४९ या एका वर्षात तीन लष्करी उठाव झाले. गंमत म्हणजे, शिकलेल्या बायकांना मताचा हक्क त्याच वर्षी मिळाला.

तरीही लोकांनी परत उचल खाल्ली. १९५४ मध्ये हुकूमशहा शिशकलीला घालवलं, अतासी पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले आणि सप्टेंबरमध्ये निवडणूक झाली. त्या काळच्या अरब जगातली ही सगळ्यात मोकळी निवडणूक मानली जाते. जमीनदार, समाजवादी, कम्युनिस्ट, अपक्ष, सगळे तिच्यात उतरले होते. पण १९५८ मध्ये सीरियन अधिकारी स्वतःच नासरकडे गेले आणि इजिप्तशी विलीनीकरण झालं. अट होती पक्ष बरखास्त करण्याची. ती मान्य झाली. १९६१ मध्ये सीरिया वेगळा झाला, पुन्हा निवडणुका झाल्या.

मग ८ मार्च १९६३. तीच तारीख, ४३ वर्षांनंतर. बाथ पक्षाच्या अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली आणि आणीबाणी लावली. ती उठली थेट एप्रिल २०११ मध्ये. विचार करा, ४८ वर्षं! आपल्याकडची २१ महिन्यांची आणीबाणी आपण अजून विसरलेलो नाही. १९७० पासून हाफिझ अल-असदचं राज्य. १९८२ मध्ये हमा शहरात हजारोंची कत्तल. २००० मध्ये तो वारला, तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या किमान वयाची अट त्याच दिवशी ४० वरून ३४ वर आणली, कारण मुलगा बशर ३४ वर्षांचा होता. घटना बदलायला एवढा वेळ पुरतो, जर तुम्हाला कुणाला विचारायचंच नसेल तर.

२०११ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाच्या अंदाजाने पहिल्या दहा वर्षांतच ३ लाखांहून जास्त सामान्य नागरिक मारले गेले. अर्ध्याहून अधिक लोकसंख्या घरादाराला मुकली.

आणि आता? मार्च २०२५ मध्ये अहमद अल-शराच्या सरकारने पाच वर्षांसाठी अंतरिम घटना जाहीर केली. ऑक्टोबरमध्ये संसदेची निवड झाली, पण थेट मतदानाने नाही. २१० पैकी एक तृतीयांश जागा तर राष्ट्राध्यक्षाने नेमायच्या. कारण काय सांगितलं? लाखो लोक विस्थापित आहेत, त्यांच्याकडे कागदपत्रं नाहीत. कारण खोटं नाही. मार्चमध्ये किनारपट्टीवर अलवींची हत्याकांडं झाली, जुलैमध्ये सुवैदात द्रुझांची. तेच सुवैदा, जिथून १९२५ चा उठाव पेटला होता. भीतीही खरी आहे.

पण ‘अजून तयारी नाही’ हे वाक्य सीरियन लोकांनी याआधीही ऐकलंय. आधी पॅरिसने म्हटलं, मग बराकीतल्या अधिकाऱ्यांनी, मग असद बाप-लेकांनी. ‘अजून’ कधी संपणार, हे ठरवायचा हक्क दरवेळी म्हणणाऱ्याकडेच राहिला. यावेळी तो कुणाकडे जातो, तेवढं बघायचंय.

काकांना मी शेवटी उत्तर लिहिलं, बऱ्याच महिन्यांनी. ‘काका, झेपत नाही असं आपल्यालाही म्हणायचे, टिळकांनाही. आपल्याला करून बघायची संधी मिळाली. त्यांच्या हातातून ती दरवेळी काढून घेतली.’ काकांनी अंगठा दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, ‘त्या अतासींचं पुढे काय झालं गं?’

मी सांगितलं: १९६० मध्ये होम्समध्ये वारले. तेव्हा त्यांच्या देशात एकही पक्ष उरला नव्हता.