आडतीच्या गाळ्यातील तार आणि पट्टी

नागपूरच्या पूर्वेस, इतवारीच्या पलीकडे, बंगाल-नागपूर रेल्वेने हावड्याच्या दिशेने नेलेल्या लोहमार्गाच्या आश्रयाने वाढलेल्या कळमन्याचे नाव घेतले की धान्य, लाल मिरची आणि संत्री यांची जी विस्तीर्ण बाजारपेठ डोळ्यांपुढे उभी राहते, तिचा इतिहास बहुधा आवक आणि भाव यांच्या चढउतारांतून सांगितला जातो. परंतु ती आवक आणि तो भाव ज्या कागदावर रुजू होतो, त्या हिशेबपट्टीलाही स्वतःचा इतिहास आहे, आणि मला तो अधिक उद्बोधक वाटत आला आहे. कारण बोली संपून मापाऱ्याने वजन पुकारल्यानंतर पट्टी हाती पडेपर्यंत जो काळ जातो, तो सर्वस्वी शेतकऱ्याच्या पदरचा असतो: त्याच्या मेटॅडोरचे भाडे चढत असते आणि गाव दूर असते.

ही पट्टी शेतकऱ्याला सहजासहजी मिळालेली नाही. रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरविण्याची हत्ता पद्धत जेथे चालत असे, तेथे ठरलेला भाव प्रत्यक्ष मालधन्यासही समजत नसे. कसर, धर्मादाय, हमाली, तोलाई अशा नावांनी होणारी कपात निमूटपणे सोसावी लागे. या अंधाराला पहिली कायदेशीर मर्यादा वऱ्हाडानेच घातली. 1886 मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने कारंज्याचा कापूसबाजार नियमनाखाली आला, 1897 मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि पुढे मध्य प्रांतात 1932 चा कापूसबाजाराचा व 1935 चा शेतमालबाजाराचा असे दोन कायदे आले. महाराष्ट्राचा 1963 चा कायदा 1967 पासून अमलात आला, तेव्हा बाजार समिती, परवानाधारक आडत्या, उघडा लिलाव आणि लेखी हिशेब ही व्यवस्था राज्यभर एकाच साच्यात बसली. इतवारीच्या अरुंद गल्ल्यांतून धान्याचा घाऊक व्यापार कळमन्याच्या प्रशस्त आवारात आला, तो या साच्यासहित आला.

गाळ्यात बसून मुनीम ही पट्टी हाताने लिहीत असे. खाली कार्बन घालून तो पेन्सिल दाबून चालवी, म्हणजे एकाच श्रमात शेतकऱ्याची, खरेदीदाराची आणि दप्तरची अशा नकला निघत. आणि त्या एकाच हाताच्या दाबाने उमटलेल्या असल्यामुळे त्यांत परस्परविरोध संभवत नसे. संगणक आडतीत आला तेव्हा त्याने प्रथम हेच काम उचलले, हे विसरता कामा नये. सुयांनी शाईच्या फितीवर आघात करून अक्षर उमटविणारे डॉट मॅट्रिक्स यंत्र मोठ्या कचेऱ्यांतून केव्हाच हद्दपार झाले असता बाजारातील गाळ्यांत दीर्घकाळ टिकून राहिले, याला कोणी मागासलेपणाचे लक्षण म्हटले तर तो अन्याय होईल. लेझर छपाईत आघातच नसल्याने खालच्या कार्बनवर काहीही उमटत नाही, आणि पट्टीला तर एकाच दाबाच्या नकला हव्या असतात.

संगणक एकाचे दोन, दोनाचे चार झाले, परंतु यंत्र मात्र एकच राहिले, आणि येथून सामायिक छपाईच्या प्रश्नाला प्रारंभ झाला. ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हती. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर छपाईचे यंत्र सिद्ध केले, तेव्हा ते अनेक संगणकांना सामायिकपणे कसे वापरता येईल हा प्रश्न तेथेही उभा राहिला. आणि 1973 च्या मे महिन्यात रॉबर्ट मेटकाफ यांनी ज्या टिपणात ईथरनेटची कल्पना मांडली, तिच्या निकडीमागे हे यंत्र होते. छपाई वाटून घेण्याची गरज ही कचेरीतील तारजाळ्याच्या मूळ प्रयोजनांपैकीच एक आहे. म्हणून प्रिंट निघत नाही ही तक्रार मी क्षुल्लक मानीत नाही.

आपल्याकडच्या लहान कचेऱ्यांनी या प्रश्नाची उत्तरे टप्प्याटप्प्याने शोधली. प्रथम आली ती खुंटी फिरवून यंत्र या संगणकाकडून त्या संगणकाकडे वळविणारी पेटी; तिची जाड समांतर तार काही हातांपलीकडे नेता येत नसे. मागाहून पातळ कोॲक्सियल तार आली, जी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे अशी सलग जाई, जिची कमाल लांबी 185 मीटर असे आणि जिच्या दोन्ही टोकांना रोधक टोपी बसवावी लागे. ती टोपी सैल झाली किंवा मधला एक सांधा निखळला की दोष कोठेही असो, सारी कचेरी एकाच क्षणी मुकी होई. त्यानंतर पिळाच्या तारा आणि हब आले. तार तुटली तर एकच संगणक खोळंबू लागला, हा मोठा लाभ होता. परंतु हबमध्ये एकाचे बोलणे सर्वांच्या कानी पडत असल्यामुळे गर्दीच्या वेळी संदेश एकमेकांवर आदळत आणि जाळे मंद होई. ज्याचा निरोप त्यालाच पोहोचविणाऱ्या स्विचने हा गोंधळ मिटविला.

तथापि मंदगती गेली नाही, आणि कळमन्यासारख्या ठिकाणी तिची कारणे शोधताना भूमीचा विचार करावा लागतो. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाणारे तापमान, वर पत्र्याचे छप्पर, हवेत मिरचीची आणि धान्याची बारीक धूळ, पोत्यांच्या थप्प्यांमागे उंदरांचा वावर: अशा जागी स्विचचा पंखा धुळीने कोंडतो, तार कुरतडली जाते, आणि चार जोड्यांच्या तारेतील एखाद्या सांध्याची पकड गेली म्हणजे अनेकदा जोडणी तुटत नाही, फक्त हजार मेगाबिटांवरून शंभरावर उतरते. हा दोष फार फसवा असतो. काम चालू राहते, म्हणून कोणी तपासत नाही, आणि दोष कंपनीच्या इंटरनेटवर लोटला जातो. वास्तविक हिशेबाची मूळ फाइल शेजारच्या संगणकात आणि छपाईचे यंत्र त्याच खोलीत असेल, तर त्या व्यवहाराचा बाहेरच्या जगाशी संबंधच येत नाही. नेट मंद आहे की गाळ्यातले जाळे मंद आहे, हा भेद आधी करावा. एक मोठी फाइल दोन संगणकांत इकडून तिकडे नेऊन पाहिली तरी त्याचा निवाडा बहुधा होतो.

दुसरा नेहमीचा दोष विजेच्या लपंडावातून येतो. भारनियमनाच्या दिवसांत, आणि नंतरही, वीज जाऊन परत आली की राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता पुन्हा वाटून देतो. प्रिंटरला कालचा पत्ता मिळेलच असे नाही, आणि संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद धाडीत राहतात. ते रांगेत साठतात, कारकून पुन्हा पुन्हा आज्ञा देतो, आणि पुढे यंत्र सापडले म्हणजे एकाच पट्टीच्या अनेक प्रती बाहेर पडतात, ज्यांतली खरी कोणती हे ठरविणे हिशेबाच्या दृष्टीने धोक्याचे असते. उपाय साधा आहे: राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा बांधून टाकावा. यंत्र एखाद्या संगणकाला जोडून इतरांना वाटून दिले असेल, तर तो संगणक झोपी जाणार नाही अशी तजवीज करावी. धनी घरी जाताना त्याने तोच संगणक बंद केला, एवढ्या कारणाने सायंकाळच्या पट्ट्या अडून राहतात.

जुना मुनीम जमाखर्चातली तफावत शोधताना सारी खतावणी एकदम उलथीत नसे. शेवटच्या जुळलेल्या शिलकेपासून एकेक रक्कम पडताळीत पुढे येई. हीच शिस्त येथे लागू पडते. प्रथम यंत्रावरील स्वतःची चाचणी प्रत काढावी. ती निघाली तर यंत्र निर्दोष आहे. मग तार बदलावी, मग स्विचचे छिद्र, मग संगणक. एका वेळी एकच. तीन गोष्टी एकदम बदलणाऱ्याचे काम क्वचित होतेही, परंतु दोष कोठे होता हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा तेथेच उभा राहतो.

2000 साली केंद्र शासनाने अ‍ॅगमार्कनेट सुरू करून बाजार समित्यांतील भाव संगणकाने प्रसिद्ध करण्याचा उपक्रम आरंभिला, 14 एप्रिल 2016 रोजी ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ झाला, आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर व्यापाऱ्याची बरीच कागदपत्रे तारेवरून जाऊ लागली. या योजनांची चर्चा विस्तृतपणे होते. परंतु बोलीचा आकडा दिल्लीपर्यंत क्षणार्धात पोहोचत असला, तरी त्याची छापील पट्टी गाळ्याच्या दोन भिंतींमधले दहा हात अंतर कापून शेतकऱ्याच्या हाती येण्यास अर्धा तास लागत असेल, तर बाजार नियमनाचे जे वचन, की विकणाऱ्याला आपला हिशेब तत्काळ आणि लेखी मिळावा, ते त्या अर्ध्या तासापुरते अपुरे राहते. आणि त्याची पूर्तता बहुतेक वेळा पोत्यांच्या थप्पीमागे जाऊन एक सैल सांधा नीट बसविण्यानेच होते.