पानातली थैली : येलदरी, पालक आणि आमचं पिवळं पडलेलं सोयाबीन

ऐकण्यापेक्षा वाचायला ज्यांना आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. आजची गोष्ट विज्ञानाच्या इतिहासातली आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

माझं गाव आखाडा बाळापूर, जिल्हा हिंगोली. शिक्षण बीटेक, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरची. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात लॅपटॉप घेऊन गावी राहिलो होतो. काकांनी मक्यात अट्राझिन नावाचं तणनाशक मारलं. दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं सोयाबीनवर अळीचं औषध मारायचं होतं. पंप धुवायचं काम माझ्याकडं. कानात इअरफोन, मीटिंग चालू. थोडं पाणी घातलं, हिंदकळवलं, ओतून दिलं. झालं!

चार-पाच दिवसांत सोयाबीनच्या पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, मग करपल्या. मी शहाणपणानं म्हणालो, "काका, नत्र कमी पडलं असंल." काकांनी टाकीचं झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि एवढंच विचारलं, "बाबू, पंप किती पाण्यानं धुतला होतास?"

अर्धा एकर गेलं. काका ओरडले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. रात्री झोप येईना, म्हणून शोधत बसलो, की हे औषध पानात नेमकं काय तोडतं? त्या शोधात जो इतिहास सापडला, तो आज सांगतो.

पान हिरवं दिसतं ते त्यातल्या हरितलवकांमुळं. हरितलवकाच्या आत चपट्या थैल्या असतात, नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक रचलेल्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर हे थर नीट दिसले. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला विल्हेल्म मेन्के या जर्मन शास्त्रज्ञानं त्यांना 'थायलाकॉइड' नाव दिलं. ग्रीक भाषेत 'थायलाकोस' म्हणजे पिशवी, थैली. या नावातच सगळं उत्तर होतं, पण ते पटायला बराच वेळ गेला.

आधी थोडं मागं जाऊ. १९३७ साली केंब्रिजमध्ये रॉबर्ट हिल यांनी पानं कुटून त्यातली हरितलवकं वेगळी काढली. त्यात लोहाचा एक क्षार घातला आणि उजेड पाडला. ऑक्सिजन निघाला! पान शाबूत नाही, साखर बनत नाही, तरी ऑक्सिजन निघतोय. म्हणजे प्रकाशाचं काम वेगळं आणि साखरेचं काम वेगळं. प्रकाशाचं काम पाणी फोडून त्यातले इलेक्ट्रॉन पुढं ढकलण्याचं. हिल यांच्या प्रयोगात ते इलेक्ट्रॉन लोहानं घेतले.

१९५४ मध्ये अमेरिकेत डॅनियल आरनॉन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वेगळी काढलेली हरितलवकं प्रकाशात एटीपीसुद्धा बनवतात. एटीपी म्हणजे पेशीतली खर्चायची सुटी नाणी. आता प्रश्न उरला एकच : इलेक्ट्रॉनच्या या धावपळीतून एटीपी बनतं कसं?

बहुतेकांना वाटायचं, मध्ये एखादं खास रसायन असणार. ऊर्जा त्यात भरली जात असेल आणि तेच पुढं एटीपीला देत असेल. वर्षानुवर्षं ते रसायन शोधलं गेलं, सापडलं नाही. आमच्या धंद्यात असं होतं. बग एका फाईलमध्ये शोधत बसतो आणि तो असतो दोन फाईलींच्या मधल्या जोडणीत.

१९६१ मध्ये पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञानं म्हटलं, की असं रसायनच नाही. ऊर्जा साठते ती पडद्याच्या दोन बाजूंमधल्या फरकात.

आपल्याकडच्यांना हे समजावं म्हणून येलदरी धरण घ्या. पूर्णा नदीवरचं हे धरण त्याच दशकात बांधून झालं. तिथं वीज कशामुळं बनते? पाण्यात काही खास मिसळलंय म्हणून नाही. पाणी एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली आहे म्हणून. भिंत नसेल तर तेच पाणी नुसतं वाहून जाईल.

थायलाकॉइडचा पडदा म्हणजे ती भिंत. जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले मोजकेच. प्रकाशाच्या जोरावर इलेक्ट्रॉन पडद्यातून पुढं सरकतात, तेव्हा हायड्रोजनचे प्रोटॉन थैलीच्या आत गोळा होतात. आतली बाजू आम्ल होते. बाहेर पडायला वाट एकच, एटीपी सिंथेज नावाचं फिरतं यंत्र. प्रोटॉन त्यातून बाहेर येतात, यंत्र फिरतं, एटीपी बनतं. अगदी धरणाच्या टर्बाइनसारखं.

मिचेल यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. आंद्रे यागेनडॉर्फ हे अमेरिकी शास्त्रज्ञही आधी साशंकच होते. पण त्यांनी वाद घालण्याऐवजी प्रयोग केला. १९६६ मध्ये अर्नेस्ट उरिबे यांच्यासोबत त्यांनी पालकाची हरितलवकं अंधारात आम्लात बुडवली, साधारण पीएच ४. थैल्या आतून आम्ल झाल्या. मग अंधारातच त्या पीएच ८च्या द्रावणात टाकल्या आणि एटीपीचा कच्चा माल दिला.

एटीपी बनलं. प्रकाशाचा किरण नाही, इलेक्ट्रॉनची धावपळ नाही. फक्त आत-बाहेरचा फरक!

१९७८ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या मिचेल यांना मिळालं.

आता आमच्या सोयाबीनकडं येऊ. पाणी फोडणाऱ्या यंत्रणेत डी-१ नावाचं प्रथिन आहे. त्यात एक खुर्ची असते. एक वाहक रेणू तिथं बसतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि पुढं जातो. अट्राझिन ती खुर्चीच अडवून बसतं. मका हे औषध पानातच निकामी करतो, सोयाबीनला ते तितकंसं जमत नाही.

मला वाटलं होतं, पान उपाशी मरत असेल. तसं नाही. ऊन पडतच राहतं, हरितद्रव्य ऊर्जा घेतच राहतं, पण ती पुढं न्यायला वाट नाही. मग ती ऊर्जा ऑक्सिजनला बिघडवते आणि तो बिघडलेला ऑक्सिजन पडदाच जाळायला लागतो. थैलीला भोकं पडली की फरक टिकत नाही. ज्या उन्हावर पान जगतं, त्याच उन्हानं ते करपतं. काकांच्या शेतात मी तेच बघत होतो.

आणि तणं? ती गप्प बसत नाहीत. १९७० मध्येच अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात या गटातल्या औषधांना न जुमानणारं तण नोंदवलं गेलं. १९८३ मध्ये माठाच्या कुळातल्या एका तणात कारणही सापडलं. डी-१ प्रथिनातल्या २६४ क्रमांकाच्या जागी सेरीनऐवजी ग्लायसीन आलं होतं. साखळीतला एक मणी बदलला, खुर्चीचा आकार बदलला, औषधाला बसायला जागाच उरली नाही. दरवर्षी तेच औषध मारलं, की असलीच झाडं मागं राहतात आणि त्यांचंच बी पडतं.

त्या वर्षी दिवाळीला मी काकांना तणनाशकासाठी वेगळा पंप घेऊन दिला. त्यांनी त्यावर लाल रंगानं मोठी फुली मारली. मग मी यागेनडॉर्फ यांचा पालकाचा प्रयोग सांगितला. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पानातबी बांध असतोय. आन् तू तो फोडलास."

तर मंडळी, तुमच्या घरी शेती असेल तर तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. एकच असेल तर निदान तीनदा स्वच्छ पाण्यानं धुवा, नळी आणि नोझलसकट. आणि धुताना मीटिंग घेऊ नका. भेटू पुढच्या भागात!