जोडणीची कला आणि श्रोत्यांची कसोटी

ज्या संगीतात गायक नाही, बोल नाहीत, वादकाच्या हाती ओळखीचे वाद्यही नाही, त्याच्या बऱ्यावाईटाचा निवाडा कोणत्या मापाने करावयाचा, हा प्रश्न जुन्या रसिकांपैकी अनेकांनी विचारण्यापूर्वीच सोडून दिला. ‘यंत्रांचा गोंगाट’ एवढ्या दोन शब्दांत तो निकालात निघाला. परंतु गेल्या चार दशकांत टेक्नो नावाच्या नृत्यसंगीताने स्वतःचा इतिहास घडविला, स्वतःचे जाणकार श्रोते घडविले आणि त्या श्रोत्यांनी आपल्या कसोट्याही घडविल्या. त्या समजून घेण्यासाठी एका ध्वनिमुद्रिकेचा वृत्तांत येथे मांडावा असे आम्हांस वाटते. ती ध्वनिमुद्रिका म्हणजे जेफ मिल्स यांची ‘लाइव्ह ॲट द लिक्विड रूम, टोकियो’.

टेक्नोचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या नगरीतला. १९५० साली या शहराची वस्ती साडेअठरा लाखांच्या घरात होती. १९९० च्या शिरगणतीत ती सुमारे सव्वादहा लाखांवर आली. कारखाने ओस पडत होते, १९६७ च्या दंगलीच्या खुणा पुसल्या गेल्या नव्हत्या. अशा काळात जवळच्या बेलव्हिल गावी शाळेत एकत्र असलेल्या हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन साँडरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी स्वस्त झालेली तालयंत्रे आणि सिंथेसायझर हाती घेतले. जर्मनीतील क्राफ्टवेर्क या वृंदाचे यांत्रिक सूर आणि आपल्या समाजाचे फंक संगीत यांचा त्यांनी मेळ घातला. १९८८ साली लंडनहून निघालेल्या एका संकलनाच्या शीर्षकात ‘टेक्नो’ हा शब्द आला आणि या प्रकारास जगभर तेच नाव रूढ झाले. १९६३ मध्ये डेट्रॉइटमध्येच जन्मलेले मिल्स हे त्यांच्या पाठोपाठच्या फळीतले. ऐंशीच्या दशकात स्थानिक आकाशवाणीवर ‘द विझर्ड’ या नावाने ते तबकड्या वाजवीत आणि त्यांच्या हातांच्या वेगाची ख्याती तेव्हाच पसरली होती.

येथे ‘तबकड्या वाजविणे’ म्हणजे काय, हे थोडे स्पष्ट केले पाहिजे. डीजेच्या पुढे दोन टर्नटेबल असतात. एकावरील तबकडी सभागृहात वाजत असते. दुसरीवरील तो एकटा कानाला हेडफोन लावून ऐकतो, तिची गती सरकपट्टीने कमीजास्त करून दोन्हींचे ठोके तंतोतंत जुळवितो आणि मग मिक्सरवरून एकीचा आवाज उतरवीत दुसरीचा चढवितो. जोड कळता कामा नये, तरी वळण जाणवले पाहिजे. ही रीत न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो यांनी १९७० च्या सुमारास घडविली. पुढे १९७९ मध्ये टेक्निक्स कंपनीचे गतिनियंत्रक सरकपट्टी असलेले टर्नटेबल आले आणि ते काम पुष्कळ अचूक झाले. टेक्नोच्या तबकड्या मुळातच अशा जोडणीसाठी रचल्या जातात. त्यांचा आरंभ आणि शेवट बहुधा नुसत्या ठोक्यांचा असतो. म्हणून एकेकटी तबकडी ऐकणाऱ्यास ती अपुरी वाटते, आणि त्यात ऐकणाऱ्याचा दोष नाही.

ऑक्टोबर १९९५ मध्ये टोकियोच्या शिंजुकू भागातील लिक्विड रूम या सभागृहात मिल्स यांनी तीन टर्नटेबल घेऊन वादन केले. त्याचे ध्वनिमुद्रण १९९६ साली सीडीरूपाने प्रसिद्ध झाले. तासाभराहून थोड्या अधिक अवधीत तीन डझनांच्या आसपास रचना येऊन जातात. काही तर पुरते मिनिटभरही टिकत नाहीत. डेरिक मे यांची १९८७ ची ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’ तीत आहे आणि पुढे जगभर गाजलेली मिल्स यांची स्वतःची ‘द बेल्स’ही आहे. त्याचबरोबर श्रोत्यांचा गलका आहे, सुईची खरखर आहे, क्वचित ताल निसटल्याचा आणि लगेच सावरल्याचा क्षणही आहे.

या निसटण्यावरच श्रोत्यांत मतभेद झाले. एका पक्षाचे म्हणणे असे की सीडी ही टिकाऊ वस्तू. तीत चूक राहू देणे म्हणजे ऐकणाऱ्याची उपेक्षा. दुसरा पक्ष म्हणे, चूक सावरताना जी तत्परता ऐकू येते तीच या वादनाची खूण. ती पुसली तर माणूसच पुसला जाईल. या वादातून कसोट्या आकारास आल्या. तबकड्यांची निवड कशी आहे, जोड कितपत सुबक आहेत, आरंभापासून शेवटापर्यंत चढउतारांची काही आखणी आहे काय, आणि दहाव्या खेपेसही नवे काही हाती लागते काय, अशा त्या चार कसोट्या होत.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही लवकरच पुढे आले. डेट्रॉइटच्या समोर, नदीपलीकडे कॅनडातील विंडसर येथे वाढलेले रिची हॉटिन यांनी २००१ साली ‘डीई ९ : क्लोझर टू द एडिट’ काढली. शंभराहून अधिक रचनांचे बारीक तुकडे त्यांनी संगणकावर कापले आणि त्यांतून सलग विणकाम केले. तीत खरखर नाही, घसरणे नाही. काहींनी तिला या कलेची पुढची पायरी मानले. काहींना ती निर्दोष पण थंड वाटली. आम्हांस या दोन ध्वनिमुद्रिकांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्याचे कारण दिसत नाही. पहिली एका रात्रीची साक्ष आहे, दुसरी मेजावर घडविलेली वस्तू आहे. साक्षीकडून सफाईची आणि वस्तूकडून उत्कटतेची मागणी करणारा श्रोता दोन्हीकडून रित्या हाताने परततो.

आपल्या गोमंतकाचाही या इतिहासाशी खरा संबंध आहे, जरी तेथे बहरलेला ट्रान्स हा प्रकार निराळा. हणजुणेच्या किनाऱ्यावरील मेजवान्यांत व्हिनाइलच्या तबकड्या उष्म्याने वाकत. म्हणून तेथील डीजे डिजिटल फिती वापरीत. फितीची गती सहसा बदलता येत नसल्याने ठोके जुळविण्याचे कौशल्य तेथे गौण ठरले आणि कोणती रचना कोणत्या प्रहरी लावावी, हा विवेक मुख्य ठरला. हवामानाने साधन बदलले आणि साधनाने कसोटी बदलली.

आमच्या मते या साऱ्यातील मोलाचा धडा हाच आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या घराण्यांतून गाण्याचे कान पिढ्यान्‌पिढ्या तयार झाले. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल कसा मावणार, हा वाद आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकला आहे आणि तरीही त्या तबकड्या जपून ठेवल्या आहेत. मैफल आणि मुद्रण यांतील तेच अंतर टोकियोतील त्या रात्रीच्या श्रोत्यांनाही मोजावे लागले. मार्च २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीस आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान दिले. त्या मान्यतेने हे संगीत कोणास आवडू लागेल असे नाही, आणि तशी गरजही नाही. मात्र डेट्रॉइटच्या ओस गल्ल्यांतून जे निघाले त्याला गोंगाट म्हणण्यापूर्वी, ते ज्यांच्यासाठी रचले गेले त्यांनी त्यात काय शोधले, एवढे विचारणे जाणकाराचे कर्तव्य ठरते. घरातील नातवंडे कानाला यंत्र लावून जे ऐकतात त्याविषयी त्यांच्याशी बोलण्याचा मार्गही त्याच प्रश्नातून निघतो.