मुष्टियुद्धाची मर्यादा : 'मानसोल्लास', बडोदें व चांदा

१. मल्लविद्येविषयीं मराठींत झालेलें लेखन थोडें नाहीं. द. चिं. मजुमदार यांनीं बडोद्याहून प्रसिद्ध केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंडच त्याची साक्ष देतात. या सर्व लेखनांत डावपेंच, मेहनत, खुराक व नामांकित पैलवानांच्या हकीकती यांस विपुल जागा मिळाली. परंतु झुंज कोणत्या अटींवर लागावी, ती कोणीं थांबवावी, आणि लढणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न बाजूस राहिले. त्यामुळें पैशासाठीं होणाऱ्या मुष्टियुद्धास नियम लावणें ही सर्वस्वीं इंग्रजांची देणगी आहे असा समज रूढ झाला. तो कितपत ग्राह्य आहे हें चार साधनांवरून पाहावयाचें आहे. त्यांपैकीं शेवटचें साधन म्हणजे १८६० चा दंडसंग्रह. तो चांदा जिल्ह्यास, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रांतास, लागू झाला. बडोदें संस्थानांत त्या वेळीं तो लागू नव्हता. प्रस्तुत विषयाचा निर्णय पुष्कळ अंशीं या भेदावर अवलंबून आहे.

२. पहिलें साधन कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ होय (शके १०५१, इ. स. ११२९). गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकर यांनीं त्याचा पहिला खंड १९२५ त व दुसरा १९३९ त प्रसिद्ध केला. राजाचे वीस विनोद सांगतांना ग्रंथकारानें शस्त्रें घेऊन एकास एक लढणाऱ्या 'अंकां'चा विनोद आधीं सांगितला, नंतर मल्लविनोद, व त्यास लागूनच कुक्कुटविनोद. मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल असे वर्ग त्यानें दिले आहेत. वय, अंगलट व बळ पाहून प्रत वेगळी मानावयाची, हें तत्त्व आजच्या वजनी गटांचेंच पूर्वरूप म्हणतां येईल. मल्लांस कडधान्य, मांस, दूध, साखर पुरविणें हें राजाचें काम. मल्लांनीं स्त्रीसंगापासून दूर राहून शरीर कमवावें हें त्यांचें काम. म्हणजे काळजी आहे, आणि ती बारकाईची आहे. परंतु तिचें स्थान झुंजीच्या अगोदर आहे. मल्ल पोसावा कसा हें सांगण्यांत ग्रंथकाराचा हात सैल आहे. विनोद राजाचा असल्यामुळें आखाड्यांतील अंतिम इच्छाहि राजाचीच.

मल्लापाठोपाठ कोंबडा येतो हा क्रम चांद्याकडील वाचकांस विशेष बोधप्रद वाटेल. गडचिरोलीच्या जंगलपट्टींत भरणारा कोंबडबाजार त्यांच्या परिचयाचा आहे. तेथेंहि अंगलट पाहून जोड लावितात, पायास धारदार काती बांधितात, आणि भोंवतीं पैज लागते. जोड सारखी लावण्याची ही दक्षता पक्ष्याच्या कळवळ्यानें घेतलेली नसते. विषम जोडींत पैजेस रंग भरत नाहीं, हें तिचें कारण होय. मल्लांच्या वर्गवारींतहि हा हेतु कितपत मिसळला होता, हा प्रश्न 'मानसोल्लास' वाचतांना मनांत वागविला पाहिजे.

३. दुसरें साधन विजयनगरचें. दोमिंगो पाएस (सुमारें १५२०) व फेर्नाव नूनिश (सुमारें १५३५) या पोर्तुगीझांचे वृत्तांत रॉबर्ट सेवेल यानें १९०० सालीं इंग्रजींत आणिले. महानवमीच्या उत्सवांतील झुंजींत दांत पडत, डोळे फुटत, व कांहींना त्यांचे सोबती वाचा बंद झालेल्या स्थितींत उचलून नेत, असें पाएस लिहितो. त्यानेंच पुढें सांगितलें आहे कीं, या मल्लांवर नायक व पंच असत. दोघांस मैदानांत सारख्या पायरीवर उभें करणें आणि जिंकणाऱ्यास त्याचा मान देणें हें त्यांचें काम. पंच व समान अटी या दोन गोष्टी इंग्लंडांत मुष्टियुद्धाचे नियम लिहिले जाण्याच्या दोनशें वर्षें आधीं दक्षिणेंत होत्या, असा याचा अर्थ होतो. मात्र पाएसनें दिलेल्या पंचांच्या कामांत झुंज थांबविण्याचें काम नाहीं. नूनिशची नोंद तर याहून बोलकी आहे. हातांत अणकुचीदार कडीं घेऊन मल्ल एकमेकांस घायाळ करीत, आणि ज्यास अधिक जखमा होत तो राजाकडून रेशमी वस्त्र घेई. जखमेची भरपाई म्हणून या वस्त्राकडे पाहिलें तर तें दयेचें चिन्ह ठरतें. जखमेची किंमत म्हणून पाहिलें तर जखमी होण्याचें तें आमिष ठरतें. आमच्या मतें दोन्ही अर्थ एकाच वस्त्रांत होते.

४. तिसरें साधन बडोद्याचें. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचा कुलग्रंथ 'मल्लपुराण' सांडेसरा व मेहता यांनीं १९६४ सालीं संपादिला. त्यांत ऋतुमानाप्रमाणें आहार, आखाड्याची माती, व्यायामाचे प्रकार हें सर्व आहे. पुन्हा काळजी झुंजीच्या अगोदरची. प्रत्यक्ष झुंजीचें चित्र लुई रूसले या फ्रेंच प्रवाशानें रेखाटलें. १८६४ सालीं खंडेराव गायकवाडांच्या दरबारीं त्यानें नखांची कुस्ती पाहिली. उजव्या मुठीस शिंगाचीं नखें आवळून बांधलेलीं; मल्ल भांगेच्या तारेंत गात गात एकमेकांवर तुटून पडत; चेहरे रक्तानें माखत; आणि पाहणारे महाराज इतके बेभान होत कीं मल्लांचे हावभाव स्वतः करूं लागत. झुंज थांबविण्याचा अधिकार ज्या एका पुरुषाकडे, त्याचीच वृत्ति झुंजीनें सर्वांत अधिक पेटलेली. व्यवस्थेचा खरा दोष येथें उघडा पडतो.

५. आतां चांदा. १८५३ च्या अखेरीस तिसरे रघूजी भोसले वारले व १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ त मध्यप्रांत झाला. आणि १ जानेवारी १८६२ पासून दंडसंग्रह अमलांत आला. त्याचें ८७ वें कलम असें कीं, अठरा वर्षांवरील मनुष्यानें संमति दिली असतां, मृत्यु वा जबर दुखापत करण्याचा उद्देश नसेल व तसें घडणें संभवनीय असल्याचें कर्त्यास ठाऊक नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाहीं. मौजेखातर पट्टा खेळणाऱ्या दोघांचें उदाहरण तेथें दिलें असून, खेळ दगलबाजीचा नसावा ही अट आहे. ९० वें कलम सांगतें कीं, नशेमुळें कृत्याचें स्वरूप ज्यास कळत नाहीं त्याची संमति ही संमतिच नव्हे.

हीं दोन कलमें रूसलेच्या वर्णनाशेजारीं ठेवून पाहावीं. तीच झुंज १८६४ सालीं चांद्याच्या कोटाआंत झाली असती, तर नखांमुळें ८७ व्या कलमाचा आश्रय मिळणें कठीण, आणि भांगेमुळें संमतीचा आधार डळमळीत. पूर्वीं दोन्ही ठिकाणीं मराठ्यांचाच अंमल. दहा वर्षांच्या अंतरानें एकीकडे जो दरबारी विनोद, तो दुसरीकडे फौजदारी खटला झाला असता. १ जुलै २०२४ पासून दंडसंग्रहाची जागा भारतीय न्याय संहितेनें घेतली. परंतु ८७ व्या कलमाचें तत्त्व तिच्या २५ व्या कलमांत कायम आहे. कोंबड्यास संमति देतां येत नाहीं. म्हणून १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानें त्याची झुंज मुळांतच वर्ज्य केली. मनुष्याची झुंज चालते ती संमतीच्या आधारावर, आणि संमति खरी राहावी म्हणून नियम.

६. इंग्लंडची थोरवीहि प्रमाणांतच सांगितली पाहिजे. ब्रॉटनचे नियम १७४३ चे : पडलेल्यास मारूं नये, कंबरेखालीं धरूं नये, पंच नेमावे, जिंकणाऱ्यास रकमेचे दोन तृतीयांश द्यावे. हातमोजे, तीन मिनिटांची फेरी, एक मिनिट विसावा व दहा सेकंदांची मुदत हे क्वीन्सबरीचे नियम १८६७ चे, म्हणजे रूसलेनें बडोद्यांत झुंज पाहिल्यानंतर तीन वर्षांनीं आलेले. त्यानंतरहि नियमांची वाढ मृत्यूंच्या मागोमागच झाली. १९८२ च्या नोव्हेंबरांत लास वेगास येथें चौदाव्या फेरींत पडलेला कोरियाचा किम दुक-कू वारला, तेव्हां कोठें जागतिक मुष्टियुद्ध परिषदेनें विजेतेपदाच्या पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या.

७. तात्पर्य, जोड सारखी लावणें, लढणाऱ्यास पोसणें, पंच नेमणें, जखमेस मोल देणें या गोष्टी आपल्याकडे जुन्या आहेत. पाहणाऱ्याच्या इच्छेबाहेरचा, झुंज मध्येंच तोडूं शकणारा लिखित अधिकार ही नवी गोष्ट होय. या निष्कर्षाची पारख संग्राहकांच्या हातीं आहे. तालमींचे व दरबारी इनामांचे कागद खर्चाच्या यादी म्हणून रुमालाच्या तळाशीं जातात. ते वाचतांना बक्षीस जिंकणाऱ्याच्या नांवें आहे कीं घायाळाच्या, जोड कोणीं नेमली, औषधपाण्याचा खर्च कोणत्या सदरांत पडला, आणि मल्ल दगावल्यास त्याच्या घरीं काय पोंचलें, एवढ्या चार बाबी टिपून ठेवाव्या. मल्लाच्या जिवाचा हिशेब कोणी ठेवीत होतें कीं नाहीं, हें त्यांवरूनच ठरेल.