पावसाची बखर

मराठीत लेणे निराळे आणि गुहा निराळी. लेणे माणसाने छिन्नीने कोरलेले, गुहा निसर्गाने घडवलेली. नाशिकच्या सातवाहनकालीन शिलालेखांत 'लेण' हा शब्द येतो, म्हणजे तो आपल्याकडे जवळपास दोन हजार वर्षे नांदतो आहे. नांदेड-लातूरकडच्या माणसाला मात्र गुहा पाहायची म्हटली की लेणेच आठवते : माहूरची पांडवलेणी किंवा औसा तालुक्यातले खरोसा. असे का, याचे उत्तर भूगर्भात आहे. त्या उत्तराचा आपल्या दुष्काळांच्या इतिहासाशी जो संबंध आहे, तो मला येथे मांडायचा आहे.

मराठवाड्याची बहुतेक भूमी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची, म्हणजे बेसाल्टची. पावसाचे पाणी बेसाल्टला कुजवते, पण विरघळवून पोकळ करीत नाही. मागे माती उरते. काही पठारांवर या कुजण्यातून सिलिका वाहून गेली, लोह आणि ॲल्युमिनियम उरले आणि जांभा तयार झाला. खरोशाची टेकडी या जांभ्याची. ताजा जांभा कापायला सोपा आणि उघडा पडला की टणक होणारा. तेथे सहाव्या शतकाच्या सुमारास शैव-वैष्णव शिल्पांनी भरलेली लेणी कोरली गेली. जेम्स बर्जेसने १८७५-७६च्या पाहणीत त्यांची नोंद घेतली. या भिंतींवर छिन्नीचा इतिहास आहे; ऋतुमानाचा नाही.

चुनखडकात गोष्ट वेगळी घडते. पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहून अधिक मातीतून, कार्बन डायऑक्साइड घेते व किंचित आम्लधर्मी होते. खडकाच्या भेगांतून उतरताना ते चुना विरघळवीत जाते. हजारो-लाखो वर्षांत भेगेची वाट होते, वाटेचे दालन होते. पुढे पाण्याची पातळी खाली गेली की दालन रिकामे होते आणि छतातून थेंब गळू लागतो. गुहेच्या हवेत त्या थेंबातला वायू निसटतो, तेवढा चुना पाण्यात राहू शकत नाही आणि कणाकणाने जमतो. छताला अधोमुखी लवणस्तंभ लोंबतो, जमिनीवर ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ उभा राहतो. बोटभर वाढीलाही अनेकदा शेकडो वर्षे लागतात.

जमिनीवरचा स्तंभ आडवा कापला तर खोडाच्या वलयांसारखे थर दिसतात. पाण्यातून आलेले युरेनियम कालांतराने थोरियममध्ये बदलते, त्या प्रमाणावरून थराचे वय निघते. आणि थरातल्या जड व हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून त्या काळचा मोसमी पाऊस जोरदार होता की क्षीण, याचा अंदाज करता येतो.

नांदेडहून जवळपास त्याच अक्षांशावर सुमारे ५०० किलोमीटर पूर्वेला बस्तरमधले जगदलपूर आहे. त्याच्याजवळच्या कांगेर खोऱ्यात चुनखडकाच्या गुहा आहेत. त्यांतल्या दंडक गुहेतील एका लवणस्तंभाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात इ.स. ६०० ते १५०० अशा नऊशे वर्षांच्या मोसमी पावसाचा आलेख आहे. खरोशाच्या छिन्नीचा आवाज थांबून फार काळ लोटला नसेल, तेव्हापासून बहमनी काळापर्यंतचा हा हिशेब. त्यात चौदाव्या आणि पंधराव्या शतकात पाऊस दीर्घकाळ क्षीण झाल्याचे दिसते. मराठी मुलखाने 'दुर्गादेवीचा दुष्काळ' म्हणून ज्याची आठवण जपली, तो परंपरेने १३९६ पासून सुमारे बारा वर्षांचा मानला जातो. तो याच काळातला.

अर्थात बस्तरचा पाऊस म्हणजे लातूरचा पाऊस नव्हे. तरीही बंगालच्या उपसागरातून निघालेले कमी दाबाचे पट्टे छत्तीसगड, विदर्भ ओलांडत पुष्कळदा आपल्यापर्यंत पोचतात; तिकडे ते सलग दुबळे झाले तर इकडे झळ लागणे स्वाभाविक आहे. आपल्या बखरी राजे आणि लढाया सांगतात; दुष्काळ सांगतात तेव्हा तो देवीचा कोप असतो किंवा दामाजीपंतांच्या दातृत्वाची पार्श्वभूमी. किती वर्षे पाऊस हटला, हे त्या सांगत नाहीत. लवणस्तंभाला राजा ठाऊक नाही, पण पाऊस ठाऊक आहे. दोन्ही साक्षी शेजारी ठेवल्या, तर ओस पडलेली गावे आणि बुडालेला सारा यांचा अर्थ अधिक नीट लागेल, असे मला वाटते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली. असे प्रसंग शंभर-दोनशे वर्षांच्या नोंदींवरून जोखणे अपुरे आहे.

म्हणूनच पर्यटनाचा प्रश्न केवळ सौंदर्याचा उरत नाही. युरोपात पोस्तोयना गुहा १८१९ पासून प्रेक्षकांना खुली आहे, १८७२ पासून आत रुळांवरची गाडी धावते. आपल्याकडे आंध्रातील बेलम गुहा २००२ मध्ये खुल्या झाल्या; कांगेर खोऱ्यातली कुटुमसरही लोक वाटाड्याबरोबर पाहतात. दिव्यांच्या उजेडात भिंतींवर शेवाळ धरते, गर्दीच्या श्वासाने हवा बदलते, हाताच्या तेलकटपणाने वाढ खुंटते. आठवण म्हणून मोडून आणलेला तुकडा घरच्या कपाटात नुसता दगड असतो. गुहेत तो आपल्या जागी असता, तर कदाचित एखाद्या शतकाचा पाऊस त्यावरून वाचता आला असता. मराठवाड्याच्या जमिनीत अशी बखर लिहिली गेली नाही. शेजारच्या मुलखात आहे ती शाबूत राहावी, यात आपलाही स्वार्थ आहे.