रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे विसर्जन : दोन सूत्रांचा पाठविचार

वाईचे नाव निघाले म्हणजे इतिहासप्रेमी वाचकांस प्रथम आठवतो तो अफझलखानाचा सुभा, त्यानंतर रास्त्यांचे वाडे व कृष्णेवरील घाट, आणि जवळच मेणवलीस नाना फडणिसांचे दप्तर. विसाव्या शतकातील छापील कागदांस ‘जुने कागद’ म्हणण्याची आपणास अद्याप सवय नाही. परंतु छापील ग्रंथासही पाठभेद असतात, आणि हस्तलिखितातील पाठभेदांइतकेच ते कधी कधी बोलके असतात. प्रस्तुत लेखाचा विषय असा एक पाठभेद असून त्याचा वाईशी निकटचा संबंध आहे.

मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाने डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईच्या अधिवेशनात बावीस सूत्रे मान्य केली. डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात त्यांपैकी एकोणिसावे व विसावे ही दोन सूत्रे बदलण्यात आली, आणि त्याच अधिवेशनात पक्षाने स्वतःचे विसर्जन केले. १९४६ च्या निवडणुकांत या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नव्हता. सबब सर्वसाधारण समजूत अशी आहे की, हरलेल्या पक्षाने दुकान आवरले. ही समजूत कितपत ग्राह्य आहे ते पाहावयाचे आहे.

प्रथम वाईचा संबंध सांगितला पाहिजे. गंगापुरीतील प्राज्ञपाठशाळा ही नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढे १९३१ साली संन्यास घेतलेले स्वामी केवलानंद सरस्वती, यांची. मीमांसाकोशाचे कर्ते ते हेच. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे यांनी येथेच त्यांच्यापाशी वेदान्ताचे अध्ययन केले. त्यांचे दुसरे शिष्य लक्ष्मणशास्त्री जोशी हे पिंपळनेरहून लहान वयात वाईस आले, १९२३ साली कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवून परतले, कायदेभंगाच्या चळवळीत कारागृहात गेले, आणि अस्पृश्यतेस शास्त्राधार नाही हे दाखविण्याच्या कामी त्यांनी गांधीजींस साह्य केले. रॉय १९३६ च्या नोव्हेंबरात बंदिवासातून सुटले, त्यानंतर शास्त्रीबुवा त्यांच्या पक्षाकडे वळले. न्याय व मीमांसा यांत मुरलेला पंडित मॉस्कोहून परतलेल्या क्रांतिकारकाचा अनुयायी व्हावा, याचे पुष्कळांस त्या वेळी आश्चर्य वाटले. मला ते तितकेसे वाटत नाही. ज्याने चार्वाकापासून उदयनापर्यंतचे पूर्वपक्ष मुखोद्गत केले आहेत, त्यास जडवादाचे भय वाटण्याचे कारण नाही. १९४१ साली शास्त्रीबुवांनी ‘जडवाद’ याच विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

रॉय यांची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. मेक्सिकोतील साम्यवादी पक्षाची स्थापना, १९२० साली वसाहतींच्या प्रश्नावर लेनिनशी झालेला वाद, १९२९ साली तिसऱ्या आंतरराष्ट्रीय संघातून झालेली हकालपट्टी, १९३१ साली मुंबईत झालेली अटक, हे सारे टाकून १९४० शी येऊ. त्या वर्षी रामगडच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी ते मौलाना आझादांविरुद्ध उभे राहिले व त्यांस दोनशेहून कमी मते पडली. वर्षअखेरीस त्यांनी रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष स्थापन केला. दुसरे महायुद्ध हे फॅसिझमविरुद्धचे युद्ध असून त्यात इंग्रजांस साह्य करणे हेच हिंदी स्वातंत्र्याच्या हिताचे आहे, असे या पक्षाचे प्रतिपादन होते. फॅसिझमचा पराभव झाला की साम्राज्यही टिकणार नाही, हे त्यांचे अनुमान काळाने खरे ठरविले. पण खरे अनुमान अकाली सांगणाऱ्यास मते मिळत नाहीत.

सातारा जिल्ह्यात तर ती मिळणे अशक्यच होते. १९४२ चा उठाव आणि त्यातून १९४३ ते १९४६ पर्यंत चाललेले नाना पाटलांचे प्रतिसरकार याच जिल्ह्यातले. त्यातील प्रमुख कार्यकर्ते किसन वीर हे वाई तालुक्यातील कवठ्याचे. एकाच तालुक्यात एका बाजूस भूमिगत राज्य, दुसऱ्या बाजूस युद्धसाह्याचे तत्त्वज्ञान, अशी ती वर्षे होती. यशवंतराव चव्हाण यांच्यासारखा तरुणही प्रथम शास्त्रीबुवांच्या सहवासाने रॉय यांच्या विचारांकडे ओढला गेला होता, परंतु युद्धाच्या प्रश्नावर तो दूर झाला. त्यातच रॉय यांच्या पक्षाच्या इंडियन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनेस सरकारकडून युद्धप्रचारासाठी दरमहा तेरा हजार रुपये मिळत होते. ही गोष्ट उघडकीस आल्यावर विरोधकांस दुसऱ्या युक्तिवादाची गरजच उरली नाही.

आता आर्थिक बाजू पाहू, कारण या पक्षाचे सर्वांत टिकाऊ काम तेथे आहे. जानेवारी १९४४ मध्ये ठाकुरदास, टाटा, बिर्ला, दलाल, श्रीराम, कस्तुरभाई, श्रॉफ व मथाई या आठ जणांनी ‘मुंबई योजना’ प्रसिद्ध केली. तिचा खर्च पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपयांचा, आणि भर मूलभूत उद्योगांवर होता. सरकारने त्याच वर्षी आठांपैकी अर्देशिर दलाल यांस व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजन खाते दिले. म्हणजे सरकारचे आर्थिक धोरण कोणत्या दिशेने जाणार, हे ठरल्यासारखेच होते. यास उत्तर म्हणून बॅनर्जी, गोवर्धन पारीख व विठ्ठल महादेव तारकुंडे या तिघांनी त्याच वर्षी ‘लोकयोजना’ तयार केली आणि रॉय यांनी तिला प्रस्तावना जोडली. तिचा खर्च दहा वर्षांत पंधरा हजार कोटींचा होता. परंतु आकड्यांपेक्षा क्रम महत्त्वाचा आहे. या योजनेत पहिले स्थान शेतीस आहे. जमिनीचे राष्ट्रीयीकरण, ग्रामीण कर्जाचे निवारण, लागवडीखालील क्षेत्राची वाढ, आणि त्यापाठोपाठ अन्नवस्त्रादी नित्योपयोगी मालाचे कारखाने, असा तिचा मार्ग आहे. शेतकऱ्याच्या हाती क्रयशक्ती नसेल तर कारखान्याचा माल घेणार कोण, हा तिचा मूळ प्रश्न. १९४३ चा बंगालचा दुष्काळ डोळ्यांपुढे असताना तो विचारला गेला होता, हे विसरू नये. तारकुंडे हे सासवडचे. सासवडच्या कोरडवाहू शेतीची ओळख या योजनेत कोठेतरी उतरली असावी असे मला वाटते. अर्थात हा केवळ तर्क होय.

मग ही योजना घेऊन मतदारांपुढे गेलेल्या पक्षाचा इतका पाडाव का झाला? पक्षाच्या बाजूने एक कारण सांगता येते. १९४६ ची निवडणूक १९३५ च्या कायद्यातील मर्यादित मताधिकाराने झाली. सारा, कर अथवा शिक्षण यांची अट पूर्ण करणाऱ्यासच मत होते. ज्या भूमिहीन मजुरासाठी लोकयोजना लिहिली, त्यास मतपेटीपर्यंत येताच येत नव्हते. कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. त्याच मर्यादित मतदारांनी काँग्रेसच्या पदरात प्रचंड यश टाकले आणि त्यात खेड्यांतील सामान्य शेतकरीही होते.

माझ्या मते या पक्षाची खरी चूक दुसरीकडे आहे. १९४४ साली पक्षाने स्वतंत्र हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा मसुदा तयार केला. त्यात गावोगावच्या ‘लोकसमित्या’ हा राज्याचा पाया धरला आहे. सत्ता खालून वर जावी, प्रतिनिधी निवडून दिल्यावर मतदार पाच वर्षे निद्रिस्त होऊ नये, यासाठी ही रचना. कल्पना उत्तम आहे. पण नेमक्या त्याच वर्षांत सातारा जिल्ह्याच्या गावांत प्रतिसरकारची न्यायमंडळे तंटे तोडीत होती, दारूबंदी होत होती, कमी खर्चाची ‘गांधीविवाह’ पद्धती रूढ होत होती, दरोडेखोरांचा बंदोबस्त होत होता. त्या न्यायदानात अतिरेकही झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. तरी लोकसमितीचे जे कच्चे रूप असू शकते ते हेच होते. मसुद्यात जे कागदावर होते ते चार कोसांवर प्रत्यक्ष घडत होते, आणि मसुदाकार त्याच्या विरुद्ध बाजूस उभे होते. युद्धविषयक एका सिद्धान्ताने दृष्टी इतकी व्यापली की, स्वतःच्याच दुसऱ्या सिद्धान्ताचे उदाहरण दिसेनासे झाले.

पराभवानंतर मे १९४६ मध्ये डेहराडून येथे अभ्यासशिबिर भरले आणि वर्षअखेरीस सूत्रे आली. येथे पाठविचार सुरू होतो. एकोणिसाव्या सूत्राचा विषय असा की, मनाने स्वतंत्र झालेल्या माणसांच्या सामुदायिक प्रयत्नाने हा आदर्श सिद्ध होईल. १९४६ च्या पाठात ही माणसे एका राजकीय पक्षात संघटित झालेली आहेत. १९४८ च्या पाठात माणसे तीच, प्रयत्न तोच, फक्त पक्ष हा शब्द नाही. ती आता केवळ एका हेतूने एकत्र आली आहेत. विसाव्या सूत्राच्या सुधारलेल्या पाठात नागरिकांचे शिक्षण ही समाजरचनेची अट ठरते व लोकसमित्या या त्या शिक्षणाच्या शाळा होतात. ‘नवमानवतावाद’ या जाहीरनाम्याची पहिली आवृत्ती ऑगस्ट १९४७ ची, दुसरी सुधारलेली १९५३ ची. ज्याने केवळ दुसरी पाहिली आहे त्यास ही सूत्रे मुळापासूनच पक्षविरोधी होती असे वाटते, आणि पुष्कळ लेखकांनी तसे लिहिलेही आहे. पहिली आवृत्ती पाहिली म्हणजे कळते की, निवडणूक हरल्यानंतरही हे लोक पक्ष राखूनच विचार करीत होते. पराभव हेच विसर्जनाचे कारण असते तर पक्ष १९४६ सालीच मोडावयास हवा होता.

मीमांसकांच्या परिभाषेत हा ‘बाध’ होय. दहाव्या अध्यायातील कृष्णलांचे उदाहरण सर्व शास्त्राभ्यासी जाणतात. चरूसाठी तांदूळ असतील तर कोंडा काढण्यासाठी कांडण हवे, परंतु तांदळाच्या जागी सोन्याचे कण आले तर कोंडाच नसल्यामुळे कांडण गळून पडते. अंग हे प्रयोजनासाठी असते, प्रयोजन उरले नाही की अंगाचा लोप होतो. पक्षाचे प्रयोजन सत्ता मिळविणे. सत्तेचे केंद्रीकरण आणि स्वातंत्र्य यांचा विरोध मान्य केल्यावर सत्ता मिळविण्याचे साधन कशास? केवलानंदांच्या पाठशाळेत वाढलेल्या पंडितास ही युक्ती अपरिचित वाटली नसेल. मात्र मीमांसक आणखी एक प्रश्न विचारील. कांडण गळाले, पण चरू शिजावयाचा तर आहेच. तो कोण शिजविणार?

या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याच्या अधिवेशनाने दिले नाही. त्या वर्षीचे सरकारी धोरण पाहावे. ६ एप्रिल १९४८ च्या औद्योगिक धोरणाच्या ठरावाने पोलाद, कोळसा इत्यादी धंद्यांत नवे कारखाने सरकारकडे ठेवले, परंतु असलेल्या कारखान्यांस दहा वर्षे हात न लावण्याचे आश्वासन दिले. पक्ष विसर्जित झाला त्या महिन्यात देशाचे अर्थमंत्री मुंबई योजनेवर सही करणारे जॉन मथाई होते. एका योजनेचा कर्ता अर्थखात्यात बसला आणि त्याच वेळी दुसऱ्या योजनेच्या कर्त्यांनी आपला पक्ष मोडला, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे. पुढे १९५६ च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेने अवजड उद्योगांस अग्रस्थान दिले, आणि त्याच वर्षी अमेरिकेकडून धान्य घेण्याचा करार करावा लागला. शेती आधी, हे १९४४ चे म्हणणे सभागृहात मांडावयास त्या वेळी तो पक्ष नव्हता.

इतर डाव्या पक्षांनी पराभवास दिलेली उत्तरे निराळी होती. १९४८ साली काँग्रेसबाहेर पडलेल्या समाजवाद्यांनी १९५२ च्या अपयशानंतर कृपलानींच्या पक्षाशी विलीनीकरण करून प्रजासमाजवादी पक्ष उभा केला, आणि मग तोही फुटला. शेतकरी कामगार पक्षाने १९५० च्या दाभाडी प्रबंधाने मार्क्सवाद स्वीकारला. १९५२ नंतर केशवराव जेधे यांच्यासारखे त्याचे संस्थापक काँग्रेसमध्ये परतले. या मानाने रॉय यांच्या अनुयायांचे उत्तर अधिक निर्मळ होते यात संशय नाही. त्यांत पद मिळविण्यासाठी पक्ष सोडणाऱ्यांची रांग लागली नाही. पण निर्मळपणाची किंमत लोकयोजनेने दिली.

विसाव्या सूत्राचे मात्र वाईत काही घडले. प्राज्ञपाठशाळेच्या ‘नवभारत’ मासिकाचे संपादन शास्त्रीबुवांनी पुढे दीर्घकाळ केले. १९६० साली, एकदा रॉय यांच्या मार्गावरून परतलेल्या यशवंतरावांनीच त्यांस साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद दिले. मराठी विश्वकोशाचे कार्यालय वाईस आले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तारकुंडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि निवृत्तीनंतर १९७४ साली जयप्रकाशांसह लोकशाहीसाठी नागरिकांची संघटना उभारण्यात सामील झाले. पक्षाचे ‘इंडिपेंडंट इंडिया’ हे साप्ताहिक १९४९ पासून ‘रॅडिकल ह्यूमॅनिस्ट’ या नावाने निघू लागले.

सूत्रांच्या १९४६ च्या पाठाच्या आणि लोकयोजनेच्या मूळ प्रती युद्धकाळातील व त्यानंतरच्या हलक्या कागदावर छापलेल्या असून हात लावताच त्यांचे काठ गळतात. पोथ्यांसाठी आपण रेशमी रुमाल शोधतो, या चोपड्या मात्र रद्दीत जातात. ज्यांच्या संग्रही त्या असतील त्यांनी त्यांची छायाप्रत करून घ्यावी, आणि शक्य झाल्यास १९४७ व १९५३ च्या आवृत्त्यांतील एकोणिसावे व विसावे सूत्र समोरासमोर छापून या त्रैमासिकाकडे पाठवावे.